जुन्या गाडीची एक्स्टेंडेड वॉरंटी नावावर करताना: टोकन देण्याआधी आणि नंतर

प्रश्न थोडक्यात असा आहे. साताऱ्यातल्या मालकाची पेट्रोल हॅचबॅक, एमएच-11 पासिंग, मार्च 2022 ची डिलिव्हरी, मीटरवर 81,600. मूळ वॉरंटी 2 वर्षे किंवा 40,000 किमी होती. मालकाने वरचे पैसे भरून ती 5 वर्षे किंवा 1,00,000 किमीपर्यंत वाढवून घेतली आहे, म्हणजे कागदावर अजून साधारण 13 महिने बाकी. घेणारे सांगलीत विश्रामबागला राहतात, नोकरी कोल्हापूरला, रोजचं येणं-जाणं याच गाडीने होणार. एजंट म्हणतो, "वॉरंटी गाडीबरोबर आपोआप येते, काही करावं लागत नाही," आणि तेवढ्यासाठी 20,000 जास्त सांगतो. हे कितपत खरं, आणि वॉरंटी नावावर कशी करून घ्यायची?

एजंटचं म्हणणं अर्धं खरं आहे. गाडी बनवणाऱ्या कंपनीची वॉरंटी चेसिस नंबरवर नोंदलेली असते, त्यामुळे मालक बदलला म्हणून ती सहसा मरत नाही. पण मुदत शिल्लक असणं वेगळं आणि क्लेम पास होणं वेगळं. क्लेमच्या वेळी मुदत, किलोमीटर, सर्व्हिस रेकॉर्ड, गाडीचा वापर आणि मालकाचं नाव अशा पाच गोष्टी जुळाव्या लागतात. त्यातली नावाची गोष्ट तेवढी तुम्ही गाडी घेतल्यावर दुरुस्त करू शकता. बाकीच्या चार मागच्या मालकाने आधीच चांगल्या किंवा वाईट करून ठेवलेल्या असतात. म्हणून खरं काम टोकन देण्याआधीचं. नंतरचं ट्रान्सफर म्हणजे निव्वळ कागदपत्रं.

आधी ही वॉरंटी नक्की कोणाची आहे ते बघा. बाजारात "एक्स्टेंडेड वॉरंटी" या एकाच नावाने तीन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. पहिली, गाडी बनवणाऱ्या कंपनीची स्वतःची. ती देशभरातल्या कुठल्याही अधिकृत वर्कशॉपमध्ये चालते आणि कंपनीच्या सिस्टीममध्ये चेसिस नंबर टाकला की दिसते. दुसरी, शोरूमने स्वतःच्या नावावर किंवा एखाद्या विमा कंपनीच्या अथवा बाहेरच्या वॉरंटी कंपनीच्या मार्फत दिलेली. ती बऱ्याचदा त्याच शोरूमपुरती किंवा ठरावीक वर्कशॉपपुरती असते, ट्रान्सफरला मुदत आणि फी असते, आणि वेळेत कळवलं नाही तर ती सरळ बंद होते. तिसरी, जुन्या गाड्या विकणाऱ्या कंपनीने ती गाडी विकताना दिलेली सहा महिने-वर्षाची वॉरंटी. ही पुढच्या खरेदीदाराला मिळेल असं धरूनच चालू नका. तसं स्पष्ट लिहिलेलं असेल तरच ती मोजा.

ओळखायचं कसं? सर्टिफिकेटवर वर कोणाचा लोगो आहे याला फारसा अर्थ नाही, कारण शोरूमवाले सगळ्यावर ब्रँडचाच लोगो छापतात. खाली बारीक अक्षरात क्लेम मंजूर करणारा आणि पैसे देणारा कोण, ते नाव वाचा. सर्टिफिकेट सापडत नसेल तर पैसे भरल्याची पावती बघा. 18% जीएसटीसह बिल कोणाच्या नावाने फाडलं आहे ते तिथे दिसतं. बिल शोरूमचं असू शकतं, पण त्यात योजनेचं नाव आणि पॉलिसी नंबर असतोच. नुसती "वॉरंटी पॅकेज" अशी एक ओळ असलेली गाडीच्या बिलाची झेरॉक्स म्हणजे पुरावा नव्हे.

आता टोकनआधीची तपासणी. सातारा, कराड किंवा सांगलीतल्या त्या ब्रँडच्या कुठल्याही अधिकृत वर्कशॉपमध्ये विक्रेत्याला सोबत घेऊन जा. सोबत घ्यायचं कारण असं, की बऱ्याच ठिकाणी माहिती देण्याआधी नोंदवलेल्या मोबाइलवर ओटीपी जातो आणि तो नंबर त्याचा असतो. सर्व्हिस ॲडव्हायझरला चेसिस नंबर द्या आणि चार गोष्टी मागा: वॉरंटी संपण्याची तारीख आणि किलोमीटर, आतापर्यंतच्या सगळ्या सर्व्हिसच्या तारखा आणि त्या वेळचं मीटर रीडिंग, आजवर झालेले वॉरंटी क्लेम, आणि एखादं रिकॉल किंवा कॅम्पेन, म्हणजे दोष सापडला म्हणून कंपनीने गाड्या दुरुस्तीला परत बोलावणं, बाकी आहे का. प्रिंट मिळाली तर उत्तम, नाहीतर स्क्रीनचा फोटो घेऊ द्या म्हणावं. "सगळं ओके आहे साहेब" हे तोंडी उत्तर सहा महिन्यांनी कोणालाच आठवत नाही.

चेसिस नंबर 17 अक्षरांचा असतो. तो आरसीवरून नुसता उतरवू नका, गाडीवर पंच केलेला वाचा. मॉडेलनुसार तो विंडशील्डच्या खाली, पुढच्या सीटखालच्या पत्र्यावर किंवा बॉनेटखाली सापडतो. या नंबरात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं वापरतच नाहीत. त्यामुळे गोल दिसणारं चिन्ह नेहमी शून्य आणि उभी रेघ नेहमी एक. वॉरंटीच्या सर्टिफिकेटवर टायपिंग करताना शून्याचा ओ झालेला असणं ही फार सामान्य चूक आहे, आणि क्लेमच्या दिवशी सिस्टीम "असा नंबर नाही" म्हणते. ती चूक विक्रेता जागेवर असतानाच दुरुस्त करून घेणं सोपं.

सर्व्हिसच्या नोंदी जरा वेळ देऊन वाचा, कारण सर्वात जास्त क्लेम इथेच नाकारले जातात. या गाडीचा हिशोब मांडू. साधारण 47 महिन्यांत 81,600 म्हणजे महिन्याला 1,700 च्या आसपास. बहुतेक पेट्रोल गाड्यांना 10,000 किमी किंवा 1 वर्ष, जे आधी येईल ते, असं सर्व्हिसचं अंतर असतं. म्हणजे या गाडीला किलोमीटरच आधी भरतात आणि साधारण दर पावणेसहा-सहा महिन्यांनी एक नोंद दिसायला हवी. आतापर्यंत आठ मोठ्या सर्व्हिस झालेल्या असायला पाहिजेत, शेवटची 80,000 ची. दोन नोंदींमध्ये 14 महिने किंवा 17,000 किमीचं अंतर असेल तर मधली सर्व्हिस बाहेरच्या गॅरेजमध्ये झाली आहे किंवा झालीच नाही. वर्कशॉपवाला म्हणेल, "चालतंय, आम्ही करून देऊ." त्याला तो अधिकार नसतो. क्लेम मंजूर करतो तो कंपनीचा वॉरंटी विभाग, आणि तिकडे इंजिनाचा क्लेम गेला की पहिलं बघितलं जातं ते ऑइल बदलल्याचं रेकॉर्ड. वेळेच्या थोडं मागे-पुढे चालतं, पण किती चालतं ते ओनर्स मॅन्युअलसोबतच्या वॉरंटी पुस्तिकेत लिहिलेलं असतं. तो आकडा त्या पुस्तिकेतूनच घ्या.

दुसरं, रीडिंग चढत गेलेलं आहे ना ते बघा. 62,000 नंतर 58,000 असं कुठे दिसलं, किंवा नेहमी पाच-सहा महिन्यांत 10,000 चालणारी गाडी मधेच वर्षभर फक्त 4,000 चालली असं दिसलं, तर मीटर पाडल्याचा, म्हणजे किलोमीटर मागे फिरवल्याचा संशय घ्या. मीटरचं क्लस्टर (डॅशबोर्डवरचा मीटरचा पूर्ण संच) वर्कशॉपमध्येच बदललेलं असेल तर त्याची जॉब कार्डवर, म्हणजे वर्कशॉपच्या कामाच्या कागदावर, नोंद असते, ती मागा. मीटरशी छेडछाड सापडली की वॉरंटी पूर्ण रद्द होते, मग ती कोणी केली याला महत्त्व नाही.

80,000 ची सर्व्हिस झालेली नसेल तर सौदा मोडायची गरज नाही. मीटर 81,600 आहे, पुस्तिकेतल्या सवलतीत बसत असेल तर ती सर्व्हिस विक्रेत्याने त्याच्या नावावर, अधिकृत वर्कशॉपमध्ये, टोकन देण्याआधी करून घ्यायची. "तुम्ही घ्या आणि तुमच्याकडे करा, मी दोन हजार कमी करतो" हे मान्य करू नका. गाडी ताब्यात येईपर्यंत आणि तुम्ही वेळ काढेपर्यंत हजारभर किलोमीटर सहज निघून जातात.

मग वापर. पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने फिरवलेली असेल तर ती बहुतेक योजनांत बसत नाही. सातारा भागात हे जरा जास्तच तपासावं लागतं, कारण कास, महाबळेश्वर, पाचगणीच्या हंगामात खासगी गाड्या सर्रास भाड्याने जातात. किलोमीटर ठरावीक महिन्यांत उसळलेले, मागच्या सीटची झीज पुढच्या सीटइतकीच, डिकीवर कॅरियरच्या खुणा, अशी लक्षणं एकत्र दिसली तर थेट विचारा. याच कारणाने घेणाऱ्यानेही पुढे ती गाडी टॅक्सी पासिंग करायचा विचार असेल तर वॉरंटीपोटी एक रुपयाही जास्त देऊ नये.

बाहेरून बसवलेलं सीएनजी किट हा या भागातला नेहमीचा विषय. आरटीओकडे नोंद करून, सिलिंडर टेस्टचं सर्टिफिकेट घेऊन कायदेशीर बसवलेलं असलं तरी कंपनीच्या वॉरंटीच्या दृष्टीने ते बाहेरचंच. इंजिन, इंजेक्टर, ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर), वायरिंग यांचे क्लेम तिथेच अडतात. गाडी विकण्याआधी किट काढून ठेवणारे असतात. डिकीत बोल्टची भोकं आणि इंटेक मॅनिफोल्डवर बुजवलेल्या नॉझलच्या जागा शोधा. आरसीवर इंधन "पेट्रोल/सीएनजी" असं आहे का तेही बघा. म्युझिक सिस्टीम, एलईडी हेडलाइट, रिव्हर्स कॅमेरा यांसाठी मूळ वायर कापून टेप गुंडाळली असेल तर विजेच्या भागांचा क्लेम नाकारायला वर्कशॉपला आयतं कारण मिळतं. वायर न कापता कपलरने (तयार प्लगने) जोडलेली ॲक्सेसरी असेल तर तेवढी अडचण येत नाही.

पुराचं सांगलीकरांना वेगळं सांगायला नको. ही गाडी 2022 ची आहे, त्यामुळे ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021 च्या पुरातली नाही. पण 2019 ते 2021 मधली गाडी बघत असाल आणि ती गावभाग, मारुती चौक अशा नदीकडच्या भागात राहिलेली असेल तर चारही सीटबेल्ट पूर्ण शेवटपर्यंत ओढून बघा. पट्ट्याच्या आतल्या टोकाला गाळाची रेघ राहते, धुऊनही जात नाही. स्टेपनीची खाच, सीटच्या रुळांचा गंज, डॅशबोर्डखालच्या कपलरमधला हिरवट गंज हेही बघा. पाण्यात बुडालेल्या गाडीचा वॉरंटी क्लेम कुठलीच कंपनी मानत नाही आणि विमा क्लेम झाला असेल तर ते रेकॉर्डला असतं. ते कळायला सोपी खूण म्हणजे विम्याच्या पॉलिसीवरचा नो क्लेम बोनस. दरवर्षी क्लेम नसेल तर तो 20, 25, 35, 45, 50 टक्के असा चढतो. तीन वर्षं पूर्ण करून चौथ्या वर्षाच्या पॉलिसीवर 35% हवा. तिथे शून्य किंवा 20 दिसला तर विचारा, कधी आणि कशासाठी क्लेम घेतला. अपघात झाला म्हणजे वॉरंटी गेली असं नाही, पण ज्या भागाला मार लागला त्या भागाचा क्लेम पुढे अवघड जातो.

एवढं सगळं तपासून झाल्यावर 20,000 चा हिशोब. कागदावर 13 महिने दिसतात, पण वॉरंटी "जे आधी येईल ते" या अटीवर आहे. 1,00,000 वजा 81,600 म्हणजे 18,400 किमी शिल्लक. सांगली-कोल्हापूर जाऊन-येऊन सुमारे 100 किमी, महिन्याला 25 दिवस धरले तर 2,500 किमी. 18,400 भागिले 2,500, म्हणजे सव्वासात महिने. रविवारचं फिरणं, एखादी पुण्याची फेरी धरली तर सातच. म्हणजे एजंट महिन्याला जवळजवळ 3,000 रुपये दराने वॉरंटी विकतो आहे, आणि तीही आधीच कोणीतरी पैसे भरून घेतलेली. माझ्या मते या वापराला ती किंमत जास्त आहे. हीच गाडी गावातल्या गावात महिन्याला 600-700 किमी चालवणाऱ्याला मात्र पूर्ण 13 महिने उपयोगी पडेल, आणि गाडी ऑटोमॅटिक किंवा टर्बो इंजिनची असेल तर त्याने वॉरंटीची थोडी जास्त किंमत मोजायला हरकत नाही. एसी कॉम्प्रेसर, इलेक्ट्रिक स्टिअरिंग, एएमटीचा (आपोआप गिअर बदलणाऱ्या गिअरबॉक्सचा) ॲक्च्युएटर, टर्बो, ईसीयू यांपैकी एक भाग गेला तरी वॉरंटीचे पैसे वसूल होतात. क्लचप्लेट, ब्रेकपॅड, वायपर, बल्ब, सस्पेन्शनचे रबरी बुश यांसाठी मात्र वॉरंटी घेऊ नये, ती झिजेची कामं आहेत आणि त्यांचा क्लेम होत नाही. टायर आणि बॅटरीची वॉरंटी ते बनवणाऱ्या कंपन्यांची वेगळी असते, त्यांची बिलं विक्रेत्याकडून मागून घ्या, बास.

आता प्रत्यक्ष ट्रान्सफर. आधी आरसी, मग वॉरंटी असाच क्रम असतो, कारण वॉरंटीवाले नावाचा पुरावा म्हणून आरसी मागतात. सातारा आणि सांगली दोन्ही महाराष्ट्रातच, त्यामुळे नंबर एमएच-11 च राहतो, फक्त मालक आणि पत्ता बदलतो. परिवहनच्या पोर्टलवर अर्ज भरून फॉर्म 29 (विकणाऱ्याचा, दोन प्रती) आणि फॉर्म 30 लागतात, ज्याला आपल्याकडे सरसकट टीटी फॉर्म म्हणतात. गाडीवर कर्ज असेल तर बँकेची किंवा पतसंस्थेची एनओसी आणि फॉर्म 35. मोटार वाहन कायद्याच्या कलम 50 प्रमाणे विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात 14 दिवसांत आणि घेणाऱ्याने 30 दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. थकलेले ई-चलन असतील तर काम अडतं, म्हणून ते सौद्याच्या दिवशीच विक्रेत्याकडून भरून घ्या. कोऱ्या टीटी फॉर्मवर सह्या घेऊन गाडी चार महिने तशीच फिरवणं ही आपल्याकडची जुनी खोड. वॉरंटीच्या बाबतीत ती महागात पडते. वॉरंटी योजनेची कळवण्याची मुदत काही योजनांत विक्रीच्या तारखेपासून मोजतात, आरसी हातात आल्यापासून नव्हे. त्यामुळे नवीन आरसी यायला वेळ लागणार असेल तर अर्जाची पोच आणि फी भरल्याची पावती जोडून वॉरंटीचा अर्ज आधीच देऊन ठेवा, आरसी नंतर द्या. अर्जावर वर्कशॉपचा शिक्का आणि तारीख घ्यायला विसरू नका.

विक्रेत्याकडून सौद्याच्या दिवशीच एक पत्र सही करून घ्या. नंतर तो फोन उचलेलच असं नाही. मजकूर साधा ठेवा:

"मी, खाली सही करणार, माझ्या नावे असलेली गाडी, नोंदणी क्रमांक ____, चेसिस क्रमांक ____, इंजिन क्रमांक ____, दिनांक ____ रोजी ____ वाजता, मीटर रीडिंग ____ किमी असताना, श्री./श्रीमती ____ यांना विकून ताब्यात दिली आहे. या गाडीवरील वाढीव वॉरंटी, पॉलिसी क्रमांक ____, हिची उर्वरित मुदत व सर्व लाभ त्यांच्या नावे वर्ग करण्यास माझी संमती आहे. ही वॉरंटी मी रद्द केलेली नाही, तिचा परतावा घेतलेला नाही व घेणार नाही. माझ्या माहितीप्रमाणे ही गाडी भाड्याने वापरलेली नाही, तिच्यावर बाहेरचे गॅस किट बसवलेले नाही व मीटर बदललेले नाही."

परताव्याची ओळ मुद्दाम आहे. काही योजनांत वॉरंटी रद्द करून उरलेल्या मुदतीचे पैसे मागता येतात. विक्रेत्याने तुमच्याकडून वॉरंटीचे पैसे घेतले आणि तिकडून परतावाही घेतला, तर तुमच्या हातात मेलेला कागद उरतो. मीटर रीडिंग आणि वेळेचा उल्लेखही तसाच उपयोगी. वॉरंटीसाठी रीडिंग, आणि त्या दिवशीच्या चलनावरून वाद झाला तर वेळ.

या पत्रासोबत वॉरंटीचं मूळ सर्टिफिकेट, पैसे भरल्याची पावती, गाडीचं मूळ बिल, नवीन आरसी किंवा पोच, तुमचं ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा, सर्व्हिसची प्रिंट आणि ट्रान्सफर फी असेल तर ती, एवढं जोडून अर्ज द्यायचा. गाडीचं मूळ बिल बऱ्याच जणांना अनावश्यक वाटतं. पण वॉरंटी सुरू होते ती डिलिव्हरीच्या तारखेपासून, आरसीवरच्या नोंदणीच्या तारखेपासून नव्हे, आणि दोन्हींत कधी कधी काही आठवड्यांचा फरक असतो. शोरूमची डेमो कार असेल तर हा फरक महिन्यांचा निघतो. दुसऱ्या प्रकारच्या, म्हणजे विमा कंपनी किंवा बाहेरच्या कंपनीच्या वॉरंटीत अर्जानंतर गाडीची तपासणीही होऊ शकते. तपासणीला जाण्याआधी गाडी धुऊन घ्या, इंजिन मात्र पाण्याने धुऊ नका. ओल्या कपलरमुळे नसलेला फॉल्ट कोड उमटला तर तो रिपोर्टवर चढतो.

काम झाल्यावर "सिस्टीममध्ये अपडेट केलंय" यावर थांबू नका. तुमच्या नावाचं सर्टिफिकेट किंवा बदलाची नोंद असलेली ईमेल मागा, आणि त्यात नाव, मोबाइल, चेसिस, संपण्याची तारीख आणि किलोमीटर पाचही बघा. मोबाइल नंबर तर नक्कीच. तो जुन्याच मालकाचा राहिला तर पुढचा प्रत्येक ओटीपी साताऱ्याला जाणार. गाडीला कंपनीचं ॲप असेल, ज्यावरून लोकेशन दिसतं, दरवाजे उघडतात, एसी चालू होतो, तर जुन्या मालकाचं खातं काढून टाकणं हे वॉरंटीइतकंच गरजेचं, पण ते वॉरंटी ट्रान्सफर केल्याने आपोआप होत नाही. वेगळं सांगावं लागतं. सर्व्हिसचं प्रीपेड पॅकेज आणि रोडसाइड असिस्टन्स यांचंही तसंच. त्यांची मुदत आणि नाव वेगळं असतं.

विम्याचा यात थेट संबंध नाही, पण लोक दोन्हींची गल्लत करतात म्हणून दोन ओळी. मोटार वाहन कायद्याच्या कलम 157 ने विमा नवीन मालकाकडे वर्ग झाल्याचं मानलं जातं, ते तृतीय पक्षाच्या नुकसानीपुरतं. स्वतःच्या गाडीचं नुकसान भरून मिळायचं असेल तर 14 दिवसांत विमा कंपनीला कळवून पॉलिसी नावावर करावी लागते. नो क्लेम बोनस जुन्या मालकाचा असतो, तो गाडीबरोबर येत नाही, त्यामुळे फरकाची रक्कम तुम्हाला भरावी लागेल. सौद्यात ती धरा.

मिरज-जत बाजूला कर्नाटक पासिंगच्या गाड्या बऱ्याच विकायला येतात. तिथे फॉर्म 28 ची एनओसी, महाराष्ट्राचा रोड टॅक्स आणि नवीन नंबर असा पूर्ण रस्ता आहे. कंपनीची वॉरंटी चेसिसवर असल्याने राज्य बदलून मरत नाही. पण सर्टिफिकेटवर जुना केए नंबर आणि आरसीवर एमएच-10 असं झालं की वर्कशॉपला जॉब कार्ड उघडताना अडचण येते. नवीन नंबर पडला की दोन्ही आरसींच्या प्रती देऊन वॉरंटीवरचा नंबर बदलून घ्या. शोरूमने किंवा बाहेरच्या कंपनीने कर्नाटकात दिलेली वॉरंटी असेल तर ती महाराष्ट्रात कुठे चालते हे आधी विचारा. ती बेळगावातच वापरावी लागली तर सांगलीकराला तिचा काय उपयोग?

मूळ मालक वारला असेल आणि गाडी वारसाच्या नावावर होत असेल तर आरटीओला फॉर्म 31 लागतो. त्याच वारसाकडून तुम्ही घेणार असाल तर आधी आरसी त्याच्या नावावर होऊ द्या, मग तुमच्या. मयताच्या सहीचे जुने कोरे टीटी फॉर्म वापरून सरळ तुमच्या नावावर करून देतो म्हणणाऱ्या एजंटपासून लांब राहा. ती बनावट कागदपत्रं ठरतात, वॉरंटीच्या पत्रावर सही कोणाची आणणार हा प्रश्न तर वेगळाच.

इलेक्ट्रिक गाडी बघत असाल तर बॅटरीची अट सर्वात आधी वाचा. काही मॉडेलना बॅटरीवर "लाइफटाइम" वॉरंटी दिली जाते, पण ती पहिल्या खासगी मालकापुरती असते. मालक बदलला की ती ठरावीक वर्षं आणि किलोमीटरवर येते. जाहिरातीतला मोठा शब्द धरून दुसऱ्या मालकाने किंमत देऊ नये.

नावावर झाल्यावर क्लेमची वेळ आली तर एक पथ्य पाळा: भाग बाहेर उघडू देऊ नका. एसी थंड होत नाही म्हणून आधी ओळखीच्या मेकॅनिककडे गॅस भरून बघितला, मग कॉम्प्रेसर गेलाय असं कळलं, तर अधिकृत वर्कशॉप "बाहेर हात लागलाय" म्हणून क्लेम परत करतं. दिवा लागला, आवाज आला, तापमान चढलं की गाडी थांबवा आणि टोइंग करून न्या. तापलेलं इंजिन घरापर्यंत चालवून हेड गॅस्केट उडालं तर मूळ बिघाड वॉरंटीत बसतो, पण चालवत राहिल्याने वाढलेलं नुकसान बसत नाही, आणि त्या दोन्हींमधली सीमा वर्कशॉप ठरवतं. जॉब कार्डवर तक्रार तुमच्या शब्दांत लिहून घ्या. "जनरल चेकअप" असं लिहिलेलं जॉब कार्ड क्लेमला निरुपयोगी. वॉरंटी संपायच्या हजारभर किलोमीटर आधी एक सविस्तर तपासणी करून घ्या, म्हणजे या गाडीच्या बाबतीत 99,000 च्या आसपास, आणि 90,000 च्या सर्व्हिसलाही लहानसहान आवाज, थरथर, गिअर अडकणं हे सगळं नोंदवून ठेवा. मुदतीत नोंदलेली तक्रार मुदत संपल्यावर पुन्हा उद्भवली तर तुमच्या बाजूने कागद असतो.

क्लेम नाकारला तर कारण लेखी मागा, ईमेलवर तरी. बहुतेक वेळा ते दिलं जात नाही, आणि मागितल्यावर कधी कधी क्लेमच परत विचारात घेतला जातो. रिकॉल असेल तर तो वॉरंटी संपली असली, मालक कितवाही असला तरी फुकट होतो, त्यासाठी वॉरंटीचा वाद घालू नका. बाकी प्रकरणात आधी कंपनीच्या ग्राहक सेवेकडे लेखी तक्रार, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915, आणि तिथेही जमलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, म्हणजे गाडी साताऱ्यातून घेतलेली असली तरी सांगलीच्या आयोगात. दिलेली किंमत 5 लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही, आणि मुदत कारण घडल्यापासून 2 वर्षे. तक्रारीत ट्रान्सफरचा अर्ज, त्यावरचा शिक्का, विक्रेत्याचं पत्र आणि सर्व्हिसची प्रिंट जोडा. विक्रेत्याने पत्रात खोटं लिहून दिलं असेल, उदाहरणार्थ मीटर बदललेलं असूनही नाही म्हटलं असेल, तर वॉरंटी कंपनीशी भांडण्यापेक्षा त्या पत्राच्या आधारे विक्रेत्याला वकिलामार्फत नोटीस पाठवणं जास्त कामाचं.